टर्बोचार्ज्ड इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डची चाचणी

सिलिंडर हेडला जोडलेला, आत येणारी हवा सर्व सिलिंडरांत वाटून देणारा भाग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. हवेची एक सामाईक पेटी, म्हणजे प्लेनम, आणि तिच्यातून एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या, म्हणजे रनर, अशी त्याची रचना असते. जादा ताकदीसाठी बांधलेल्या टर्बो इंजिनावर नवा मॅनिफोल्ड चढवताना दोन गोष्टी तपासतात : एकूण हवा किती जाते आणि ती सगळ्या सिलिंडरांना सारखी मिळते का. जाहिरातीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर छापले जाते. इंजिन टिकणार की नाही हे मात्र दुसऱ्यावर ठरते.

याचे कारण सरळ आहे. प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारा भाग, सारखेच इंधन देतो. एखाद्या सिलिंडरला हवा जास्त मिळाली तर तेवढ्यापुरते मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असलेले, होते, ज्वलन तापते, नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी भडका, सुरू होते आणि रिंगांच्या खाचांजवळ पिस्टन फुटतो. साध्या इंजिनात खपून जाणारा फरक १ बार बूस्टवर, म्हणजे टर्बोने वातावरणापेक्षा १ बार जास्त दाबाने हवा भरल्यावर, खपत नाही.

निसानचे आरबी२६डीईटीटी हे या चाचणीचे उत्तम उदाहरण. स्कायलाइन जीटी-आर गाडीत १९८९ ते २००२ या काळात बसवलेले हे सरळ सहा सिलिंडरांचे, २,५६८ घनसेंमी., दोन टर्बोंचे इंजिन. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, पण हवा मात्र एकाच लांबट प्लेनममधून. अशा प्लेनमच्या एका टोकाने शिरलेली हवा वेगात असते. जवळच्या रनरांच्या तोंडावरून ती सरळ पुढे निघून जाते आणि टोकाच्या भिंतीपाशी थांबते. तिथे वेगाचे रूपांतर दाबात होते, म्हणून शेवटच्या सिलिंडरांना वाटा मोठा मिळतो. आरबी२६ बांधणारे ट्यूनर, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारे कारागीर, सहाव्या सिलिंडरवर खास नजर ठेवतात ती यासाठीच.

पहिली पायरी फ्लो बेंचची. यंत्राने हवा ओढून, ठरावीक दाबफरकावर, किती घनफूट हवा दर मिनिटाला जाते ते मोजतात. प्रचलित दाबफरक २८ इंच पाण्याचा, म्हणजे सुमारे ७ किलोपास्कल. आधी हेड एकटे मोजायचे, मग त्यावर मॅनिफोल्ड बसवून पुन्हा, व्हॉल्व्हची उचल तीच ठेवून. दोन आकड्यांतला फरक हा मॅनिफोल्डचा तोटा. प्रत्येक रनर असा वेगळा मोजला की असमानतेचा पहिला अंदाज येतो. वेगळ्या दाबफरकावर घेतलेले आकडे थेट शेजारी मांडू नयेत. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो.

बेंचची मर्यादाही ओळखायला हवी. तिथे हवा संथ, एकसारखी वाहते. इंजिनात ती धक्क्याधक्क्याने जाते. ८,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) आरबी२६च्या प्लेनममधून सेकंदाला ४०० वेळा हवा ओढली जाते, आणि प्रज्वलनक्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ असल्याने ओढ एकदा पुढच्या तीन सिलिंडरांकडून, एकदा मागच्या तिघांकडून येते. बूस्ट नसताना, सिलिंडर पूर्ण भरतात असे धरले तरी, ही हवा मिनिटाला सुमारे १०,२७० लिटर होते. शिवाय दाबलहरी असतात. ५० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३६० मीटर. व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत ३० सेंमी. अंतर असेल तर लहर १.७ मिलिसेकंदांत जाऊन परत येते, आणि या वेगाला पिस्टनचा खाली जाणारा फेरा जेमतेम ३.७५ मिलिसेकंदांचा. परतणारी लहर व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेतात पोचली तर भरणा वाढतो. त्यामुळे बेंचवर सरस ठरलेला आखूड, रुंद रनर मधल्या आरपीएमला टॉर्क घालवू शकतो.

म्हणून डायनो, म्हणजे चालत्या इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र, लागतो. जुना मॅनिफोल्ड, मग नवा, मग पुन्हा जुना असा क्रम ठेवतात. नाहीतर तापलेल्या इंजिनाचा परिणाम नव्या भागाच्या नावावर जमा होतो. इंधन, ठिणगीची वेळ आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान तेच हवे. बूस्ट प्लेनममध्येच मोजावा, टर्बोच्या तोंडाशी नव्हे. बूस्ट हा काही अंशी अडथळ्याचाही आकडा असतो. चांगल्या मॅनिफोल्डवर तेवढीच हवा कमी बूस्टला जाते, आणि गेजवर दाब उतरलेला पाहून मालक नाराज होतो. हवामानानुसार ताकदीचा आकडा वाढवणारे गुणक बूस्ट नियंत्रित असलेल्या इंजिनाला जसेच्या तसे लावले तर निकाल फुगतो.

वाटणी सारखी आहे का, हे खऱ्या अर्थाने एक्झॉस्टच्या बाजूला कळते. सहाही नळ्यांत, पोर्टपासून सारख्याच अंतरावर आणि सारख्याच खोलीवर, के प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, बसवतात. जमल्यास प्रत्येक नळीत हवा-इंधनाचे प्रमाण सांगणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सरही. पूर्ण बूस्टवर टर्बो इंजिन रिच, म्हणजे जादा इंधनावर, चालवतात, त्यामुळे जास्त हवा मिळालेला सिलिंडर इतरांपेक्षा लीन आणि गरम दिसतो. इथे घाई नडते. दोष इंजेक्टरचाही असू शकतो. म्हणून गरम दिसलेल्या सिलिंडरचा इंजेक्टर दुसऱ्यात घालून पुन्हा मोजावे : उष्णता इंजेक्टरबरोबर सरकली तर मॅनिफोल्ड निर्दोष, जागच्या जागी राहिली तर संशय पक्का. या अदलाबदलीला तासभर लागतो, पण ती टाळून मॅनिफोल्डबद्दल काही ठरवणे चुकीचे आहे.

गळती आधीच पाहिलेली असावी. तोंड बंद करून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि गॅस्केट, वेल्डिंगचे सांधे यांवर साबणाचे पाणी सोडायचे. बुडबुडे आले की जागा सापडते.

असमानता उरलीच तर आजच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, प्रत्येक सिलिंडरचे इंधन वेगळे वाढवता येते. त्याने मिश्रण जुळते, पण जादा हवा घेणाऱ्या सिलिंडरमधला जादा दाब तसाच राहतो. तिथे ठिणगीही थोडी उशिरा द्यावी लागते.