दोन्हीकडे १२० लावलं म्हणजे ताल जुळला असं नाही

सांगलीत ऑर्केस्ट्राच्या तालमीला बसलं की हे हमखास कानावर येतं: "अरेंजरवर १२० लाव, सिंथच्या सिक्वेन्सरवर १२० लाव, दोघं एकदम स्टार्ट दाबा. केबलची भानगड कशाला?" (अरेंजर म्हणजे तालाची साथ स्वतःच वाजवणारा कीबोर्ड, सिंथ म्हणजे सिंथेसायझर, सिक्वेन्सर म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारा त्यातला भाग, आणि १२० म्हणजे मिनिटाला १२० मात्रा.) सुरुवातीला जुळतंही, म्हणून तर हा समज टिकलाय.

पण दोन्ही यंत्रांची घड्याळं वेगळी. एकाचं १२० प्रत्यक्षात १२०.१ असलं, तरी पाच मिनिटांत अर्ध्या मात्रेची तफावत. ढोलकीचा लूप एकीकडे, बेस दुसरीकडे. गाणाऱ्यानं बघायचं कुणाकडे?

म्हणून ती केबल लागते, मिडीची. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत, आणि मिडी क्लॉक म्हणजे त्यातला लयीचा संदेश. आता गंमत अशी की हा क्लॉक टेम्पोचा आकडा पाठवतच नाही. तो नुसत्या टिचक्या पाठवतो, दर मात्रेला २४. म्हणजे १२० च्या लयीत सेकंदाला ४८. समोरचं यंत्र त्या मोजत चालतं. अरेंजरवर लय चढवली की टिचक्या जवळजवळ येतात आणि सिक्वेन्सरही धावू लागतो. स्टार्ट-स्टॉपचे संदेश वेगळे, पण जातात त्याच तारेतून. आवाज मात्र त्यातून जात नाही, त्याची पिन वेगळी लावायची.

अरेंजरच्या मिडी आउटमधून सिंथच्या मिडी इनमध्ये केबल. अरेंजरवर क्लॉक पाठवणं चालू करायचं, सिंथवर क्लॉक 'एक्स्टर्नल', म्हणजे बाहेरून येणारा. हे शेवटचंच राहून जातं आणि शिव्या बसतात केबलला. (माझी एक धडधाकट केबल अशीच भंगारात गेलीय.) एक्स्टर्नल केल्यावर सिंथचा टेम्पोचा नॉब फिरवून लय हलणार नाही. तो बिघडलेला नसतो.