जर्मनीत ब्लू कार्डवर आहात? पीआरचा अर्ज पाच वर्षांनी नव्हे, त्याआधीच करा

पुण्याहून ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा वास्तव्य-परवाना) घेऊन जर्मनीत गेलेले कितीतरी जण पाच वर्षे पूर्ण होण्याची वाट बघत बसतात. पाच वर्षांची अट सर्वसाधारण परवान्यांसाठी आहे. ब्लू कार्डवर असाल तर २७ महिन्यांनी पीआर (कायम राहण्याचा परवाना, तिथल्या भाषेत निडरलासुंग्सएर्लाउबनिस) मागता येते, आणि जर्मन भाषेची बी१ ही मधली पातळी झाली असेल तर २१ महिन्यांनीच. २७ महिन्यांच्या वाटेनेही ए१ ही पहिली पातळी लागतेच, त्यामुळे भाषा पूर्णपणे टाळता येत नाही. निघण्याआधीच पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनात ए१ उरकून घेतली तर फार बरे. तिकडे नोकरी सांभाळून क्लास करणे जड जाते.

ब्लू कार्डऐवजी कुशल कामगाराचा साधा परवाना असेल तर तीन वर्षे, पेन्शनचे ३६ मासिक हप्ते आणि बी१ लागते. पदवी जर्मनीतच घेतली असेल तर दोन वर्षे आणि २४ हप्ते.

महिने मोजताना तुम्ही किती काळ देशात राहिलात एवढेच बघत नाहीत. परवाना ज्या पात्रतेवर मिळाला त्या पात्रतेची नोकरी किती महिने केली आणि पेन्शनचे हप्ते किती भरले, हे बघतात. कंपनी बदलल्याने आधीचे महिने वाया जात नाहीत, पण मधे नोकरीविना गेलेले महिने धरले जात नाहीत. ब्लू कार्डच्या पहिल्या वर्षात नोकरी बदललीत तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला, कळवावे लागते.

कागदांमध्ये सगळ्यात आधी पेन्शन विभागाकडून हप्त्यांचा उतारा (फेरझिखेरुंग्सफेरलाउफ) मागवा. ऑनलाइन मागवता येतो, फुकट असतो. कंपन्या हप्त्यांची नोंद वर्षाअखेरीनंतर एकत्र पाठवतात, म्हणून चालू वर्षाचे महिने त्यात बहुधा दिसत नाहीत. घाबरू नका, ते महिने पगारपत्रकांनी दाखवता येतात. म्हणूनच एकही पगारपत्रक टाकून देऊ नका. बाकी पासपोर्ट, सध्याचे कार्ड, नोकरीचा करार, नोकरी चालू असल्याचे कंपनीचे ताजे पत्र, आरोग्य विम्याचा दाखला, घराचा भाडेकरार, भाषेचे प्रमाणपत्र आणि फोटो. शहरागणिक यादी थोडी बदलते, तेव्हा आपल्या कार्यालयाच्या वेबसाइटवरचीच यादी प्रमाण माना.

‘लेबेन इन डॉइचलांड’ (जर्मनीतले जीवन) ही तिथल्या कायद्याची आणि समाजाची माहिती तपासणारी परीक्षाही लागते. ३३ प्रश्न, ६० मिनिटे. पीआरसाठी १५ बरोबर आले की पुरे. सगळे प्रश्न आधीच जाहीर असल्याने अभ्यास सोपा आहे, पण निकाल हाती यायला आठवडे जातात. परीक्षेची तारीख लवकर घ्या.

अर्जाचे शुल्क ११३ युरो. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. सध्याचे कार्ड संपत आले असेल तर मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोचलाच पाहिजे. मग निर्णय होईपर्यंत फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मिळतो आणि जुने हक्क चालू राहतात.

जोडीदाराचे काय, हा विचार घराघरात मागे पडतो. तुमच्या पीआरबरोबर तिची किंवा त्याची पीआर आपोआप होत नाही. तुम्हाला कुशल कामगार किंवा ब्लू कार्डच्या वाटेने पीआर मिळाली असेल, तर जोडीदाराला स्वतःच्या वास्तव्य-परवान्यावर तीन वर्षे झाली की अर्ज करता येतो. पण बी१ जर्मन, ‘लेबेन इन डॉइचलांड’ परीक्षा आणि आठवड्याला किमान २० तासांचे काम हवे. त्यामुळे भाषेच्या क्लासला पहिल्या वर्षापासून दोघांनीही जावे.