वेसावे (वर्सोवा कोळीवाडा)

वेसावे किंवा वेसावा म्हणजे अंधेरी पश्चिमेला, मालाडच्या खाडीच्या तोंडाशी असलेलं कोळ्यांचं जुनं गाव. बोर्डावर, नकाशावर सगळीकडे वर्सोवा असतं पण गावातला माणूस स्वतःला वेसावकरच म्हणवतो. पहिल्यांदा येणारे हमखास फसतात, कारण जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या घाटकोपर मेट्रोचं वर्सोवा स्टेशन काही कोळीवाड्यात नाहीये, तिथे उतरून पुढे रिक्षा किंवा बस धरावीच लागते.

दुसरी गंमत किल्ल्याची. वेसाव्याचा किल्ला वेसाव्यात नाहीच, तो खाडीपलीकडे मढला आहे. पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ ला वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला आणि १७७४ ला साष्टी बेटाबरोबर इंग्रजांकडे गेला. आता हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे मनात आलं आणि आत शिरलो असं होत नाही.

गावात बहुतेक सोनकोळी, म्हणजे दर्यावर मासेमारी करणारे कोळी. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली, बुधा गल्ली असे भाग, आणि होळी असो की नारळी पुनव, प्रत्येक गल्लीचा मान वेगळा, तो चुकला तर मग विचारू नका. ग्रामदेवता हिंगळादेवी, आणि कार्ल्याच्या एकवीरा आईला तर सगळेच जातात.

मासेमारीत इथे डोल महत्त्वाची. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं, तोंड भलंमोठं आणि शेपटाकडे निमुळतं होत जाणारं, ते पाण्यात एका जागी बांधून ठेवायचं, भरती-ओहोटीचा ओढा लागला की मासळी आपोआप आत येते. म्हणजे जाळं ओढत फिरायचं नाही, पाण्यानेच काम करायचं. त्यामुळे सगळा हिशोब तिथीवर चालतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, ओढा जोरात, जाळी भरतात, आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी सुस्त, मग नाखवा (बोटीचा मालक) घरी आणि खलाशी जाळी शिवत बसलेले. मोबाईलवर हवामान बघणारी पोरंसुद्धा आज तिथी कुठली ते आधी विचारतात. डोलीत बोंबील, मांदेली, जवळा, करंदी, वाकटी असं येतं.

बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त, त्यामुळे ताजा फार टिकत नाही, म्हणून सुकवतात. बांबू उभे करून त्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात, त्याला वलांडी म्हणतात. बाया दोन बोंबील घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात, हात इतका भराभर चालतो की बघणाऱ्याला कळतच नाही नेमकं काय केलं. मीठ लावत नाहीत. तीन-चार दिवस ऊन मिळालं की कडक. वासाबद्दल टॉवरमधले नवे रहिवासी कुरकुर करतात, पण वलांड्या त्यांच्या आधीपासूनच्या आहेत हे कोणी सांगायचं!

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, सगळ्या मोठ्या बोटी वर ओढलेल्या. ते दिवस सुक्या मासळीवर आणि दुरुस्तीच्या कामावर जातात. नंतर नारळी पुनवेला दर्याला नारळ, लुगडी-दागिने घालून मिरवणूक, वाजंत्री. विक्री मात्र पूर्ण बायकांच्या हातात, वाट्याचा भाव कोळीण सांगेल तोच, फार घासाघीस केलीत तर पाटीवर फडकं टाकून तोंड फिरवते.

जवळच यारी रोडला १९६१ ची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे, म्हणजे माशांवर पीएचडी करणारे आणि मासे आणणारे शेजारी-शेजारी. २०१५ पासून वकील अफरोज शाह यांनी लोकांना घेऊन किनाऱ्यावरचा कचरा काढला, ते काम जगभर गाजलं आणि मार्च २०१८ ला तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. प्लास्टिक अजून येतंच, जाळ्यातसुद्धा.

गावाचं खरं दुखणं गाळाचं. खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, ओहोटीला बोट आत घ्यायची तर अडकते, मग माल भरून आलेली बोट भरतीची वाट बघत बाहेर थांबते आणि बर्फ वितळत राहतो. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचाही घोळ आहेच, म्हणजे घरं मोजली जातात पण मासळी सुकवायची, जाळी विणायची मोकळी जागा कोणाची यावर वाद.

मढला जायला ‘तर’ आहे, म्हणजे खाडीपलीकडे नेणारी होडी. माणसं, पाट्या, मोटारसायकली सगळं एकाच होडीत, पाचेक मिनिटांत पलीकडे, नाहीतर मालाडवरून मोठा वळसा. गाडी चढवताना फळी हलते, तेव्हा आधी उतरणाऱ्या मावशींना पाटी घेऊन उतरू द्यायचं, हा तिथला नियम.