दंड की किंमत? बास्केटबॉलमधल्या मुद्दाम फाउलचं गणित

२० जानेवारी २०१६. ह्यूस्टन रॉकेट्स आणि डेट्रॉइट पिस्टन्स यांच्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) सामन्यात तिसरा क्वार्टर (सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा) सुरू झाला आणि पहिल्या नऊ सेकंदांत ह्यूस्टनच्या के. जे. मॅकडॅनियल्सने पाच फाउल केले. पाचही डेट्रॉइटच्या धिप्पाड आंद्रे ड्रमंडवर. ड्रमंडकडे चेंडू आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. एनबीएत एका क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून कोणाच्याही अडथळ्याशिवाय चेंडू टाकायच्या दोन संधी; आत गेलेल्या प्रत्येकाचा एक गुण. आधीचे चार फाउल लवकर उरकले, की ड्रमंडला हवं तेव्हा फ्री थ्रो रेषेवर उभं करता येणार होतं. त्या रात्री ड्रमंडने ३६ फ्री थ्रो टाकले आणि त्यांतले २३ चुकले. एका सामन्यात इतके फ्री थ्रो त्याआधी एनबीएत कोणाचेच चुकले नव्हते.

पाहणाऱ्याला हा खेळ वाटत नाही. पण कागदावर मांडलं तर ह्यूस्टनचा हिशेब चोख आहे. चेंडूचा ताबा मिळाला की एनबीएतला संघ सरासरी १.१ च्या आसपास गुण मिळवतो. ज्याचे फ्री थ्रो निम्मेच आत जातात, त्याला दोन दिले तर सरासरी एक गुण जातो. ड्रमंडचा त्या रात्रीचा हिशेब होता ३६ पैकी १३, म्हणजे दोन फ्री थ्रोमागे ०.७२ गुण. बचाव करून १.१ देण्यापेक्षा फाउल करून ०.७२ देणं स्वस्त. साधारण ५५ टक्क्यांच्या खाली ज्याचं प्रमाण आहे, त्याला धरणं या हिशेबाने फायद्याचं ठरतं. एनबीएतल्या जुन्या दिग्गज विल्ट चेंबरलेनचं कारकिर्दीतलं प्रमाण ५१.१ टक्के होतं, शकील ओनीलचं ५२.७. या डावपेचाला 'हॅक-अ-शॅक' हे नाव ओनीलवरूनच पडलं.

अर्थात या गणितात काही गळती आहे. दुसरा फ्री थ्रो चुकला तर रिमवरून उसळलेला चेंडू कधीकधी त्याच संघाला परत मिळतो. शिवाय फ्री थ्रो चालू असताना समोरचा संघ आपला बचाव निवांत लावून घेतो आणि फाउल करणाऱ्यांची धावती आक्रमणं (समोरचा बचाव सावरायच्या आत पळत जाऊन केलेली) बंद होतात. ह्यूस्टन तो सामना हरलंच.

तरीही प्रशिक्षक हा डाव का टाकतात? इस्रायलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग मला इथे फार बोलका वाटतो. उरी गनीझी आणि आल्दो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. तिथल्या दहा पाळणाघरांपैकी सहांमध्ये, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटासा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. आधी उशीर झाला की पालकांना ओशाळं वाटायचं. आता ती पैसे देऊन घ्यायची सोय झाली होती. फ्री थ्रोचंही तेच झालं. तो मुळात नियमभंगाची भरपाई होता, पण त्याचा भाव ठरलेला असल्यामुळे नियमभंग विकत घेता येऊ लागला. आणि फाउल खर्च करायला राखीव खेळाडू असतातच. एनबीएत सहा वैयक्तिक फाउलनंतर खेळाडू बाद होतो. पण ज्याला एरवी बाकावरच बसायचं आहे, त्याच्या सहा फाउलची संघाला काय क्षिती?

हे दुखणं नवं नाही. १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी लिहिलेल्या तेरा मूळ नियमांत, एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले तर प्रतिस्पर्ध्याला एक गोल बहाल होत असे. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आघाडीवरचा संघ चेंडू नुसता धरून ठेवायचा आणि मागे असलेल्याला फाउल करण्यावाचून गत्यंतर नसायचं. १९५३ मध्ये बोस्टन आणि सिरॅक्यूज यांच्यातला बाद फेरीचा सामना चार जादा डावांपर्यंत लांबला. त्यात १०६ फाउल झाले आणि बोस्टनच्या बॉब कूझीच्या ५० गुणांपैकी तब्बल ३० फ्री थ्रोंतून आले. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, म्हणजे तेवढ्या वेळात चेंडू बास्केटकडे टाकायलाच हवा असं बंधन आलं आणि चेंडू धरून बसणं संपलं. फाउल मात्र संपले नाहीत.

मग उपाय काय? 'फ्री थ्रो टाकायला शिका' हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. त्यात तथ्य आहे, पण चेंडूपासून दूर उभ्या असलेल्या माणसाला कवटाळणं हे बचावाचं कौशल्य कसं? माझ्या मते खरी मेख दंडाच्या आकारात नाही. फाउल करणाऱ्याला पुढचा ताबा मिळतो, त्यात ती आहे. तो काढून घेतला की सौदाच मोडतो. सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून दूर फाउल केला, तर एक फ्री थ्रो आणि पुन्हा ताबाही, असा नियम एनबीएत आधीपासून होता. तो फ्री थ्रो मैदानावरचा कोणीही टाकू शकतो. संघातला ८० टक्केवाला पुढे आला की ०.८ अधिक ताब्याचे १.१, म्हणजे १.९ गुण. एवढा महाग सौदा कोण करेल? २०१६ च्या उन्हाळ्यात हा नियम प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लागू झाला. २०२२-२३ च्या हंगामापासून धावतं आक्रमण मुद्दाम धरून थांबवणाऱ्यालाही हाच दंड बसतो. आंतरराष्ट्रीय नियमांतल्या अखिलाडू फाउलला तर दोन फ्री थ्रो आणि ताबा मिळतो.

शेवटच्या मिनिटाचा गुंता मात्र तसाच आहे. सहा गुणांनी मागे असलेल्या संघाने फाउल केला नाही, तर समोरचा संघ २४ सेकंद खाऊन टाकतो. फाउल केला तर दोन-तीन सेकंदच जातात. इथे विकत घेतला जातो तो वेळ. चांगल्या नेमबाजाला दोन फ्री थ्रो देऊन सरासरी १.६ गुण गमावले तरी परवडतात, कारण हरणाऱ्याला किती गुणांनी हरलो याचं सोयरसुतक नसतं. त्याला फक्त आणखी एक संधी हवी असते. इथे दंड वाढवला तर उरलीसुरली चुरसही मरेल.

बॉल स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक निक एलम यांनी म्हणून घड्याळावरच बोट ठेवलं. शेवटच्या टप्प्यात घड्याळ बंद करायचं, आघाडीवरच्या संघाच्या गुणांत ठरावीक आकडा मिळवून लक्ष्य ठरवायचं आणि जो आधी तिथे पोहोचेल तो जिंकला. वेळच नाही म्हटल्यावर वेळ विकत घेण्यात अर्थ उरत नाही. फाउल करणं म्हणजे समोरच्याला लक्ष्याजवळ ढकलणं. २०२० च्या शिकागोमधल्या एनबीए ऑल-स्टार सामन्यात हे वापरलं. तिसऱ्या क्वार्टरनंतर आघाडीवरच्या संघाचे १३३ गुण होते. दिवंगत खेळाडू कोबी ब्रायंटच्या स्मरणार्थ त्यात त्याच्या जर्सीचा क्रमांक, म्हणजे २४ मिळवले आणि लक्ष्य झालं १५७. एरवी त्या प्रदर्शनीय सामन्यात कोणी बचाव करत नाही, त्या दिवशी चौथ्या क्वार्टरमध्ये सगळे जिवाच्या आकांताने भिडले. सामना १५७-१५५ असा संपला, तोही अँथनी डेव्हिसच्या फ्री थ्रोवर. पण त्याला केलेला फाउल घड्याळ थांबवण्यासाठी नव्हता. तो बास्केटपाशी पोहोचला होता आणि कोणीतरी त्याला खरोखर अडवत होतं.