रोशा गवताचं तेल : भेसळीतून घडलेलं रसायनशास्त्र

रानातल्या सुगंधी वनस्पतींच्या तेलात काय काय असतं, याचे तक्ते आता सहज पाहायला मिळतात. रोशा गवताच्या तेलाचा तक्ता काढला की पहिल्या ओळीत जिरॅनिऑल हा गुलाबी वासाचा घटक असतो, बहुतेक वेळा ७५ ते ९० टक्के. या आकड्याला किंमत आली ती गुलाबतेलातल्या एका जुन्या भेसळीमुळे, आणि त्या भेसळीचा माल पश्चिम खानदेशातून जात होता.

गवताच्या शास्त्रीय नावात 'मार्टिनी' आहे, तो लखनौचा क्लॉड मार्टिन, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला फ्रेंच अधिकारी. टिपूविरुद्धच्या लढाईत कंपनीच्या फौजेबरोबर असताना त्याने दख्खनच्या घाटमाथ्यावर या गवताचं बी गोळा केलं आणि लखनौला पेरलं. तिथून ते कलकत्त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गकडे पोहोचलं आणि त्याने मार्टिनचं नाव गवताला दिलं. अर्थात सातपुड्यातल्या भिल्लांना किंवा 'रोहिष' वापरणाऱ्या वैद्यांना हे गवत नवं नव्हतं.

पिंपळनेर-नंदुरबारकडच्या, हे तेल काढणाऱ्या भट्ट्यांचं वर्णन १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आहे. पावसाळा सरता सरता गवत पिकू लागलं की तेल काढणारे, बहुतेक मुसलमान कारागीर, भिल्लांकडून ते विकत घेत. पाणी आणि सरपण दोन्ही हाताशी हवं म्हणून भट्टी ओढ्याकाठीच लागे. चुलाणावर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा, त्यात थोडं पाणी आणि काठोकाठ चिरलेलं गवत. वर झाकण, आणि झाकणाची फट कणकेने लिंपलेली. झाकणाच्या भोकातून एक वेळूची नळी निघे. तिच्यावर कापड गुंडाळून वरून पीठ थापलेलं आणि दोरीने आवळलेलं. नळीचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या हंड्यात. वाफ तिथे निवे आणि पाण्यावर तेल तरंगे. शंभर किलो गवतामागे अर्धा किलो तेलसुद्धा मुश्किलीने निघायचं.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे इस्तंबूलला जाई. तिथे त्याला लिंबाच्या रसाची प्रक्रिया देत, उन्हात ठेवून उग्रपणा घालवत, आणि मग ते बल्गेरियातल्या गुलाबतेलात मिसळत. काही जण तर ऊर्ध्वपातनाआधीच गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडत. कारण उघड आहे: एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. युरोपात रोशाच्या तेलाचं नाव पडलं 'तुर्की जिरेनियम तेल'. तुर्कस्तानात ते पिकत नव्हतं आणि त्याचा जिरेनियमच्या झाडाशीही संबंध नव्हता.

१८७१ मध्ये याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच तेलातून मुख्य घटक वेगळा केला. त्याला जिरॅनिऑल नाव मिळालं ते या चुकीच्या व्यापारी नावावरून. पुढे गुलाबतेलातही जिरॅनिऑल सापडलं आणि भेसळ इतकी बेमालूम का जमत होती ते कळलं. दोन्हींत रेणू एकच, तर नाक तरी काय करणार? फरक होता तो मेणाचा. अस्सल गुलाबतेल वीस अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला गोठू लागतं, कारण त्यात बिनवासाचा मेणासारखा भाग असतो. रोशाच्या तेलात तो नाही. व्यापारी बाटली गार करून बघू लागले, तेव्हा भेसळ करणाऱ्यांनी व्हेलच्या डोक्यातलं मेण घालायला सुरुवात केली. तेलातला प्रत्येक घटक वेगळा मोजायची गरज या चोर-पोलिसांच्या खेळाने वाढवली, असं मला वाटतं.

दुसरा गुंता खुद्द गवतातच होता. तेल काढणाऱ्यांना त्याच्या दोन जाती ठाऊक होत्या, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर सुटी सुटी उगवते, तर सोफिया ओलसर जागी दाट. मोतियाचं तेल गुलाबी वासाचं, जिरॅनिऑलने भरलेलं, तेच बाजारातलं 'पामारोझा'. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी आणि पेरिलिल अल्कोहोल, लिमोनीन, कार्व्होन यांचा भरणा, म्हणून वास तिखट. ते 'जिंजरग्रास' म्हणून स्वस्तात विकलं जाई. १९०६ मध्ये लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या ऑटो श्टाप्फने भारतातल्या तेल-गवतांची नीट मांडणी केली, पण वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात मोतिया-सोफिया ओळखणं कठीणच. इथे भट्टीवाल्याचं नाक वनस्पतिशास्त्राच्या पुढे होतं, यात मला शंका नाही.

१९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन (हा मार्टिन इंग्रज रसायनशास्त्रज्ञ) यांनी वायू-वर्णलेखन (मिश्रणाची वाफ करून त्यातले घटक सुटे करण्याची पद्धत) आणलं आणि थेंबभर तेलातले डझनावारी घटक सुटे दिसू लागले. गवत पिकेपर्यंत थांबण्याचं कारणही सापडलं: कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट जास्त असतं, फुलोरा जून होताना त्याचं जिरॅनिऑल होतं.

आता लखनौच्या 'सीमॅप' या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने 'तृष्णा'सारखे वाण दिल्यामुळे गवत शेतातही घेतात. दुसरीकडे टर्पेंटाइनमधल्या पिनीनपासून कारखान्यात जिरॅनिऑल स्वस्तात बनतं आणि ते चक्क रोशाच्या तेलातच मिसळलं जातं. त्यामुळे तपासनीस आज पहिल्या ओळीवर थांबत नाही. लिनॅलूल, ऑसिमीन, कॅरिओफायलीन हे एक-दोन टक्क्यांचे घटक जागेवर आहेत का, ते तो आधी बघतो.