नखांचा पिवळेपणा : घरी नखे खरवडण्यापूर्वी हे अवश्य वाचावे

नखांचा पिवळेपणा कसा घालवावा, हा प्रश्न नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या पार्लरमध्ये जवळजवळ रोज विचारला जातो आणि तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली की तो आणखी वाढतो. विचारणाऱ्यांपैकी अनेक जणींनी आमच्याकडे येण्याआधी घरी काही ना काही उपाय केलेला असतो, आणि पुष्कळदा मूळ डागापेक्षा त्या उपायाचे नुकसान निस्तरण्यातच अधिक वेळ जातो. आमच्या ग्राहकांचा हा वेळ आणि खर्च वाचावा, यासाठी हे माहितीपत्रक दिले आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक एकच आहे : डाग जावा म्हणून फाइलने, ब्लेडने किंवा खरखरीत बफरने नखाचा वरचा थर घासून काढणे. नख हे केराटिन या प्रथिनाच्या, एकमेकांना घट्ट चिकटलेल्या थरांचे बनलेले असते आणि हाताच्या बोटावर त्याची एकूण जाडी साधारण अर्धा मिलिमीटर भरते. नेलपॉलिशचा डाग बहुधा वरच्या थरातच मुरलेला असल्यामुळे खरवडल्यावर पहिल्या दिवशी नख खरोखरच स्वच्छ दिसते, आणि म्हणूनच हा उपाय एकीकडून दुसरीकडे पसरतो. परंतु खरवडलेले नख पातळ आणि खडबडीत झालेले असते. त्यावर पुन्हा गडद रंग लावला की तो पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक खोल मुरतो, मग पुन्हा खरवडले जाते, आणि शेवटी नख टोकाकडून पदर सुटल्यासारखे उलू लागते. त्वचेवरील जखम भरून येते तसे बाहेर आलेले नख भरून येत नाही, कारण त्यात जिवंत पेशी नसतात. मुळापासून नवे नख येईल तेव्हाच जुना भाग पुढे सरकून कापला जातो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे संपूर्ण नख बदलण्यास साधारण सहा महिने लागतात. दहा मिनिटांच्या घासण्याची ही किंमत आहे.

अशा पातळ नखांवर आम्ही जेल, म्हणजे दिव्याखाली घट्ट होणारे पॉलिश, लावत नाही, आणि लग्न चार दिवसांवर आलेल्या मुलीला हे सांगावे लागते तेव्हा घरच्या मंडळींना ते रुचत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. जेल दिव्याखाली घट्ट होताना स्वतः उष्णता निर्माण करते. चांगल्या जाडीच्या नखाला ती फारशी जाणवत नाही, पण खरवडलेल्या नखाखाली तीच आग असह्य होते आणि नख खालच्या त्वचेपासून सुटण्याचा धोका राहतो. दुसरीकडे हे काम करून मिळेलही, तरीही ते करू नये असेच आम्ही सुचवतो. त्याऐवजी साधा बेस कोट (रंगाखाली लावायचा पारदर्शक थर) आणि फिकट, अपारदर्शक रंगाचे पॉलिश लावून त्या दिवसापुरती नखे नीट दिसतील, असे काम आम्ही आनंदाने करून देतो.

आता डाग कशाचा आहे ते पाहू, कारण उपाय त्यावर ठरतो. लाल, मरून आणि तत्सम गडद पॉलिश बेस कोटशिवाय लावले आणि बरेच दिवस तसेच ठेवले की त्यातील रंगद्रव्य नखात उतरते आणि पिवळट-नारिंगी छटा मागे राहते. पॉलिश पूर्णपणे थांबवल्यास ही छटा काही आठवड्यांत बरीच फिकी पडते. स्वयंपाकघरातील हळदीचे डाग निराळे असतात. हळदीतील रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो आणि उन्हात उडतो. म्हणून खोबरेल तेल चोळून ते कापसाने पुसावे, मग सौम्य साबणाने हात धुवावेत आणि राहिलेला रंग दिवसाच्या उजेडावर सोडावा. यासाठी खायचा सोडा मात्र वापरू नये. हळद आणि चुना एकत्र केल्यावर कुंकवासारखा लाल रंग येतो, हे आपल्या घरांत पूर्वापार माहीत आहे. सोड्यासारख्या क्षारयुक्त पदार्थानेही हळद तशीच तांबूस होते आणि डाग आधीपेक्षा ठळक दिसतो. मेंदीचा रंग केराटिनशी जोडला जात असल्याने कोणत्याही घरगुती उपायाने निघत नाही. तो नखाबरोबर वाढून जाऊ द्यावा. मिश्री लावण्याच्या बोटावरील तपकिरी डाग मिश्री सुरू असेपर्यंत जाणार नाहीत. निफाड आणि दिंडोरीकडून येणाऱ्या आमच्या ग्राहकांपैकी ज्या द्राक्षबागेत काम करतात, त्यांनी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) किंवा इतर फवारणीची औषधे हाताळताना रबरी हातमोजे वापरावेत, कारण तेथे प्रश्न केवळ रंगाचा नसून नखाच्या आणि त्वचेच्या आरोग्याचा आहे.

डाग बाहेरून लागला आहे की आतून आला आहे, हे घरी ओळखण्याची एक चांगली खूण आहे. पॉलिश पूर्ण काढून, दिवसाच्या उजेडात, नखाच्या मुळाकडील भाग पाहावा. बाहेरून लागलेल्या डागाची मुळाकडील कड तेथील त्वचेच्या रेषेला समांतर असते, आणि काही आठवड्यांनी त्या कडेच्या मागे स्वच्छ नख येताना दिसते. मुळाशी स्वच्छ नख येत असेल तर संयम हाच पुरेसा उपाय आहे. याउलट रंगाची कड नखातील पांढरट अर्धचंद्राच्या आकाराला धरून असेल, किंवा नवे नखही त्याच रंगाचे येत असेल, तर कारण आत असण्याची शक्यता अधिक असते आणि ते शोधणे पार्लरचे काम नव्हे.

पॉलिशच्या डागासाठी घाई असेलच, तर मेडिकलमध्ये मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून, कापसाने दोन-तीन मिनिटे नखावर ठेवावे, हात धुवावेत आणि लगेच तेल लावावे. हे आठवड्यातून एकदाच करावे आणि भोवतीची त्वचा चिरलेली असल्यास करूच नये. लिंबू चोळण्याचा सल्ला आम्ही देत नाही. लिंबाचा रस हातावर राहून ऊन लागले तर त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात आणि त्यांचे काळे डाग नखाच्या पिवळेपणापेक्षा जास्त काळ टिकतात. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात तर ही जोखीम मुळीच घेऊ नये. शिवाय निरोगी नख पांढरे नसतेच. ते अर्धपारदर्शक असते आणि खालच्या रक्तामुळे गुलाबी दिसते, त्यामुळे नख पांढरेशुभ्र करण्याचा हट्ट धरू नये.

पुढील लक्षणे दिसल्यास आम्ही काम थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास सांगतो : नख जाड, भुसभुशीत आणि पिवळे होणे, कारण ती बुरशी असू शकते आणि तिचे औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते, नख खालून सुटून हिरवट दिसणे, जो ओलाव्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा परिणाम असतो, सर्व नखे एकदम पिवळी पडून त्यांची वाढ मंदावणे, आणि विशेषतः एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंद होत जाणारी तपकिरी किंवा काळी उभी रेघ. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींमध्ये अशा रेघा बहुधा निरुपद्रवी असतात, तरीही नवी रेघ डॉक्टरांना दाखवावीच. त्यावर पॉलिश लावून ती झाकू नये.

डाग पडूच नयेत यासाठी बेस कोट हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो पातळ लावावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मगच रंग लावावा. रंग आठवड्याभरात काढावा, काढताना पॉलिश सोलून न काढता रिमूव्हरने भिजवून पुसावे, आणि शेवटी नखांना तेल लावावे. नखांना श्वास घेता यावा म्हणून सुट्टी द्यावी, असे म्हटले जाते; नखाला पोषण रक्तातून मिळते, हवेतून नव्हे, परंतु दोन पॉलिशमध्ये थोडे दिवस मोकळे ठेवल्याने नखाची खरी अवस्था दिसते, म्हणून आम्हीही ते सुचवतो. आमच्याकडे बेस कोटची लहान बाटली मिळते, आणि रंग आपण घरून आणला असला तरी बेस कोट आम्ही आमच्याकडून लावतो.

वेळ घेऊन येताना आदल्या रात्रीच पॉलिश काढून यावे. पहिल्या भेटीत मोकळी नखे पाहण्यासाठी आम्ही वेगळे पैसे घेत नाही. डागाचे कारण समजण्यासाठी वापरातील पॉलिशची बाटली सोबत आणल्यास उपयोग होतो. लग्नासाठी नखे करून घ्यायची असतील तर किमान सहा आठवडे आधी एकदा दाखवून जावे, म्हणजे साधे डाग फिके पडण्यास वेळ मिळतो. मेंदीच्या आदल्या दिवशी नखांवर पारदर्शक कोट लावून घ्यावा. मेंदी धुतल्यानंतर तो पुसला की नखे रंगलेली राहत नाहीत.