ऑफरचं पत्र वेगळं, न मागता आलेलं कार्ड वेगळं

आमच्या बेळगावात टिळकवाडी घ्या, शहापूर घ्या, नाहीतर तिकडं निपाणी-खानापूर, क्रेडिट कार्डवाल्यांचं पाकीट दारात पडलं की घरोघरी एकच ऐकू येतं, "जाहिरात आहे गं, टाक रद्दीत." हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय म्हणून लिहितेय. त्या पाकिटात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, एक रद्दीत गेली तर काही बिघडत नाही, दुसरी गेली तर बिघडू शकतं.

ऑफरचं पत्र सगळ्यांना ओळखीचं आहे. "प्री-अप्रूव्हड", "लाइफटाइम फ्री", खाली अर्ज करायची लिंक. तुम्ही अर्ज केला नाही तर काहीच होत नाही. नाव-पत्ता फाडा आणि टाका. आणि कृपा करून "डीएनडी टाकला तरी पत्रं येतात" म्हणून वैतागू नका, डीएनडी म्हणजे 1909 या नंबरवर केलेली 'जाहिराती नकोत' अशी नोंदणी, ती फोन आणि मेसेजसाठी असते, पोस्टाशी तिचा संबंध नाही. पत्रं थांबवायची तर मार्केटिंगची संमती काढून घेतो असं त्या बँकेला लेखी कळवायचं.

आता दुसरं पाकीट. यात कागदाला चिकटवलेलं खरं कार्ड असतं, त्यावर तुमचं नाव, नंबर, मुदत. म्हणजे तुमच्या नावानं खातं उघडून झालंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार न मागता कार्ड द्यायलाच बंदी आहे, आणि तुमच्याकडं आधीपासून असलेलं कार्ड न विचारता वरच्या दर्जाचं करून पाठवलं तरी तोच नियम. तुम्ही स्पष्ट हो म्हटलेलं नसताना बिल लावलं तर बँकेनं ते मागं घ्यायचं आणि वर त्याच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा, म्हणजे 500 लावले तर 500 रद्द आणि 1000 हातात. अशा कार्डाचा कुणी गैरवापर केला तर नुकसानही बँकेचंच. ॲक्टिव्हेट होण्याआधी सिबिलसारख्या, आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडं त्याची माहितीसुद्धा पाठवता येत नाही.

मग अडतं कुठं, तर ओटीपीवर. कार्ड दिल्यापासून 30 दिवसांत चालू झालं नाही तर ते चालू करायला बँकेनं ओटीपीनं तुमची संमती घ्यायची असते, आणि संमती मिळाली नाही तर विचारल्यापासून सात कामाच्या दिवसांत खातं फुकटात बंद करायचं असतं. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर त्याचा अर्थ नाही असाच होतो, पण ओटीपी दिलात की हो झालं!

अनगोळला माझ्या आत्याकडं असंच कार्ड आलं, सगळं इंग्लिशमध्ये, तिनं बँकेचं काहीतरी असेल म्हणून कपाटात ठेवलं. दीड महिन्यानं फोन आला, "मावशी, कार्ड बंद करायचंय ना, आलेला नंबर सांगा," तिनं सांगितला, आणि पुढच्या महिन्यात 590 रुपये वार्षिक फीचं बिल. बँक म्हणते ओटीपी दिलाय म्हणजे संमती आहे की. ते निस्तरायला आम्हाला दोन महिने लागले. म्हणून मी ठासून सांगते, कार्ड नको असेल तर फोनवर बोलूच नका, ओटीपी तर अजिबात नाही. पाकिटाचा आणि कार्डाचा फोटो काढा (नंबरचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाका), "मी हे मागितलेलं नाही, खातं बंद करा" एवढं बँकेला ईमेलनं कळवा किंवा शाखेत अर्ज देऊन पोच घ्या, आणि मगच कार्ड चिपमधून कापा. आधी कापून टाकणारे लई भेटतात. प्लास्टिक कापलं म्हणून खातं बंद होत नाही.

30 दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. कशी करायची ते 14448 वर विचारा, तिथं मराठीतून बोलता येतं, कन्नडमधूनही. आत्याच्या वेळी मी मराठीतच बोलले.